मागचा आस

मोटारींच्या शर्यतींविषयीचं कुठलंही पुस्तक उघडा, इंजिनांचीच गर्दी दिसते. किती सिलिंडर, किती अश्वशक्ती, कुणी बांधलं, कुणाला हरवलं. मागच्या आसाबद्दल, म्हणजे गॅरेजवाले ज्याला रिअर ॲक्सल म्हणतात त्याबद्दल, एखादं वाक्य सापडलं तर नशीब. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. स्वारीच्या वर्णनात घोडे आणि तलवारी असतात. तोफा ओढणाऱ्या बैलांचा हिशेब दफ्तरात शोधावा लागतो. पण अमेरिकेतल्या ड्रॅग रेसचा, त्यातही खिशाला परवडेल एवढ्यातच गाडी बांधणाऱ्यांचा इतिहास समजून घ्यायचा, तर इंजिनाकडून मागे मागे येत त्या आसापर्यंत यावंच लागतं. इंजिन मोठं करणं तिथल्या पोरांना लवकर जमलं. ती ताकद चाकापर्यंत धडपणे पोचवायला मात्र फार वर्षं लागली.

ड्रॅग रेस म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपल्या हिशेबात ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकला. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. साध्या गाड्यांचंही सगळं दहा-पंधरा सेकंदांत आटोपतं. (सर्वांत वरच्या वर्गाची शर्यत २००८ पासून १००० फुटांची झाली. त्या वर्षी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा चालक मारला गेला, त्यानंतर अंतर कमी केलं.)

याचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९३० च्या दशकात तिथली तरुण मुलं म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर जुन्या फोर्ड गाड्या पळवत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या मुलांच्या हातात यंत्रकाम होतं, खिशात थोडे पैसे होते, आणि शर्यती शहरांच्या रस्त्यांवर येऊ लागल्या. अर्थातच पोलीस मागे लागले. मग १९५० साली सांता ॲनाला विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या, १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड गावी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. इथपर्यंतचा इतिहास पुस्तकांत व्यवस्थित आहे.

आता या मुलांच्या गाड्या कसल्या, ते पाहा. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशी व्ही-८ इंजिनाची गाडी काढली. पहिल्या वर्षी तिची अश्वशक्ती ६५ होती, दोन वर्षांत ती ८५ वर गेली. मागचा आस त्या ताकदीच्या मानाने केलेला होता आणि त्या कामाला तो उत्तम होता. युद्धानंतर या गाड्या भंगाराच्या भावात मिळू लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी नवी इंजिनं आणली. १९४९ ची ओल्ड्समोबाइल १३५ अश्वशक्तीची, त्याच वर्षीची कॅडिलॅक १६० ची, १९५१ ची क्रायस्लर १८० ची. अपघातात चेपलेली एखादी क्रायस्लर भंगारवाल्याकडे आली की पोरं तिचं इंजिन काढून आणत, आणखी फुगवत आणि वीस वर्षं जुन्या फोर्डमध्ये बसवत. ६५ च्या जागी दोनशे. मग एके दिवशी सुटायच्या रेषेवरच मागून ‘कडाक्’ असा आवाज येई आणि गाडी जागच्या जागी उभी. इंजिन जोरात ओरडतंय, चाक ढिम्म.

असं का होतं, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. इंजिन गाडीच्या लांबीत फिरतं, चाकं रुंदीत. तेव्हा कुठेतरी फिरणं काटकोनात वळवावं लागतं. ते काम मागच्या आसाच्या मधल्या गोलसर पेटीत होतं. पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. वळवता वळवता वेग कमी होतो आणि जोर वाढतो. इंजिनाचा जोर आधी गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरने वाढलेला असतो, इथे तो पुन्हा तीन-चार पट होतो. म्हणजे गाडीत सगळ्यात जास्त पीळ इंजिनाला पडत नाही, गिअरबॉक्सलाही नाही. तो पडतो मागच्या आसाच्या दोन शाफ्टना. तोही उभी गाडी हलते त्या पहिल्या क्षणी.

या पिळापासून जुन्या आसाला बरीच वर्षं एका गोष्टीने वाचवलं, ती म्हणजे वाईट टायर. इंजिनाने जोर लावला की टायर जागेवरच घसरत, धूर काढत, आणि जादा जोर त्या धुरात निघून जाई. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखंच. पण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधल्या एम अँड एच या कारखान्याने खास या शर्यतीसाठी नक्षी नसलेले, मऊ रबराचे रुंद टायर काढले. पुढे तर त्यांच्या भिंती सुटताना सुरकुततील आणि रस्ता धरून ठेवतील अशा केल्या. टायर घसरायचा थांबला, म्हणजे फ्यूज काढून तार बांधली. आता तुटायचं ते आतच तुटणार.

आणि तुटणं म्हणजे नुसती हार नव्हे. १९५४ साली मिकी टॉम्प्सनने एक गाडी बांधली. मागच्या चाकांवर जास्तीत जास्त वजन पडावं म्हणून त्याने चालकालाच आसाच्या मागे बसवलं. गलोलीत खडा बसवावा तसं, म्हणून तिला ‘स्लिंगशॉट’ म्हणत. पुढची पंधरा-सोळा वर्षं सगळ्या मोठ्या ड्रॅगस्टर अशाच बनल्या. त्यांत माणूस कसा बसे याचं चित्र एकदा बघा. दोन पाय आसाच्या वरून पुढे टाकलेले, पायांच्या मधोमध ती दातेरी चाकांची पेटी, तिच्या पुढे गिअरबॉक्स आणि क्लच, त्यापुढे इंजिन. जे जे फुटू शकतं ते सगळं मांड्यांच्या आणि पावलांच्या आसपास! ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या विख्यात चालकाच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन मागे आणि माणूस पुढे अशी गाडी मनात बांधली आणि १९७१ साली पोमोनाची विंटरनॅशनल्स तिनेच जिंकली. स्लिंगशॉट काही वर्षांतच दिसेनाशी झाली.

पण गार्लिट्ससारख्यांना अख्खी गाडी नव्याने रचता येते. शनिवार-रविवारी शर्यत करणाऱ्या, पगारातून पैसे बाजूला टाकणाऱ्या माणसाने काय करायचं? त्याने जे केलं तेच मला या सगळ्या इतिहासात जास्त महत्त्वाचं वाटतं. तो पुन्हा भंगारवाल्याकडे गेला. आधी तिथून दांडगं इंजिन आणलं होतं, आता दांडगा आस आणला.

जुन्या फोर्डमध्ये हे सोपं नव्हतं. तिचा प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत बंद असे आणि चाकांचा सगळा रेटा त्या नळीतूनच गाडीला लागे. आस बदलायचा तर ती नळी काढून टाकायची, उघडा शाफ्ट घालायचा, आणि रेटा झेलायला दुसरी सोय करायची. फोर्डने स्वतः १९४९ च्या गाड्यांत ही नळी सोडून दिली. मग पोरांनीही ओल्ड्समोबाइल आणि पाँटियाकचे मजबूत आस जुन्या सांगाड्याखाली घालायला सुरुवात केली. पैसेवाले हॅलिब्रँडचा क्विक-चेंज आस घेत, ज्यात मागचं झाकण उघडून काही मिनिटांत गिअर बदलता येत. बाकीच्यांनी वेल्डिंगवर भागवलं. सरळ रस्त्यावर वळायचं नसतं, तेव्हा डिफरन्शियलची गरजच काय, म्हणून आतली छोटी दातेरी चाकंच वेल्ड करून टाकायची. याला ते गंमतीने ‘लिंकन लॉकर’ म्हणत. लिंकन हे महागड्या गाडीचंही नाव आणि वेल्डिंग मशीनचंही. गरिबाचा विनोद कुठल्याही देशात सारखाच.

१९५७ साली फोर्डने एक नवा आस आणला. त्याच्या क्राउनचा व्यास नऊ इंच, म्हणून नावही ‘नाइन इंच’. शर्यत कुणाच्या डोक्यात नव्हती. गाड्या जड होत चालल्या होत्या, स्टेशन वॅगन आणि पिकअपना ओझं ओढायचं होतं. त्यात दोन गोष्टी फार चांगल्या होत्या. एक म्हणजे क्राउन-पिनियनचा सगळा गोळा पुढून अखंड बाहेर निघे, त्यामुळे एक गोळा शर्यतीला आणि दुसरा घरी यायला, असे दोन ठेवता येत. दुसरी गोष्ट बेरिंगची. जोर लागला की पिनियन क्राउनपासून दूर पळू पाहतो. पेन्सिल एकाच टोकाला धरून दाबून लिहिलं की ती हलते, तसं. या आसात पिनियनच्या दुसऱ्या टोकालाही एक छोटं बेरिंग दिलेलं, म्हणजे पेन्सिल दोन्ही टोकांना धरलेली. शिवाय पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसवलेला, म्हणून एका वेळी जास्त दाते एकमेकांत अडकत. त्यात घर्षण वाढतं, थोडी ताकद वाया जाते. पण तुटण्यापेक्षा ते परवडलं.

हा आस फोर्डने १९८६ पर्यंत गाड्यांत घातला. लाखो गाड्या, आणि तितकेच आस पुढे भंगारात. शेवरलेचे अभिमानी चालक शेवरलेच्या पोटाखाली फोर्डचा आस बसवत आणि त्याची कुणाला लाज नसे. मोठ्या नॅसकार स्पर्धेत तर २०२१ च्या हंगामापर्यंत सगळ्याच गाड्यांखाली या नाइन इंचाच्याच बेताचे आस होते, टोयोटाच्याही. १९५७ सालच्या वॅगनचा बेत! २०२२ साली नव्या रचनेची गाडी आल्यावर ते थांबलं.

भंगारातले नाइन इंच मात्र हळूहळू संपत आले, महाग झाले. मग स्वस्तात गाडी बांधणारे दुसरीकडे वळले. हा भाग मला थोडाफार डोळ्यांनी पाहायला मिळाला.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे न्यू जर्सीला होते. शेजारचे गृहस्थ साठीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या अंगणात एक गंजका लोखंडी आस दोन ठोकळ्यांवर ठेवलेला आणि ते त्याच्याशी दिवसभर झटत. मी मुलीला म्हटलं, हे भंगार इथे कशाला? ती म्हणाली, “आई, हळू बोल, तो त्यांचा खजिना आहे.” दुसऱ्या दिवशी मीच कुंपणापाशी जाऊन विचारलं. म्हाताऱ्या बाईला यात रस आहे हे पाहून त्यांनी असं काही समजावून सांगितलं, की आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पाठ म्हणून दाखवावं.

त्यांची गाडी फोर्ड मॅव्हरिक. १९६९ साली ही गाडी निघाली तेव्हा किंमत होती १९९५ डॉलर. म्हणजे मुळातच काटकसरीची, सहा सिलिंडरची, आसही त्याच मापाचा. त्यांनी तिच्यात फोर्ड एक्सप्लोररचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं होतं आणि दुसऱ्याच मोसमात आसाने राम म्हटला. पिनियनचे दाते उडाले. तो बोडका पिनियन त्यांनी खिडकीत कागदांवर वजन म्हणून ठेवला होता. हिशेब त्यांनी मला पाटीवर मांडावा तसा करून दाखवला. इंजिनाचा पीळ २८८ पाउंड-फूट, त्यांच्या सी-४ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४६, आसाचं प्रमाण ३.७३. गुणाकार केला की सुमारे २६४० येतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर सुटताना तो जवळपास दुप्पट करतो. म्हणजे पाच हजारांच्या वर. “आणि हे सगळं माझ्या अंगठ्याएवढ्या दांड्यावर,” म्हणून त्यांनी अंगठा दाखवला.

नवा आस त्यांनी भंगारातल्या एक्सप्लोररखालून काढून आणला होता, दीडशे डॉलरला. त्याचा क्राउन ८.८ इंचांचा. शाफ्टच्या टोकाला ३१ खाचा. मस्टँग गाडीच्या त्याच मापाच्या आसात त्या २८ असतात. खाचा जास्त म्हणजे दांडा जाड. जाडी साधारण दहा टक्क्यांनीच वाढते, पण पिळाला टिकण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. १९९५ पासूनच्या एक्सप्लोररला मागे डिस्क ब्रेकही असतात, ते फुकटात मिळाले. भंगारवाल्याकडे कुठली गाडी घ्यायची तेही ठरलेलं. दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीवर आसाच्या रकान्यात ‘डी-४’ लिहिलेलं असेल ती. म्हणजे प्रमाण ३.७३ आणि दोन्ही चाकांना जोर देणारं डिफरन्शियल.

आणि इतक्या एक्सप्लोरर भंगारात आल्या कुठून? याचं उत्तर २००९ च्या मंदीत आहे. अमेरिकन सरकारने जास्त पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाड्या जमा करून नव्या घेणाऱ्यांना पैसे दिले. जवळजवळ ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या आणि त्यांत एक्सप्लोरर आघाडीवर होती. या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनात सोडियम सिलिकेटचं पाणी घालून ते चालवत, की इंजिन कायमचं जाम. पण कायद्यात एक पळवाट होती. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा आस सुटे काढून विकायला परवानगी होती. काँग्रेसच्या कायद्यात मागच्या आसाचा नाव घेऊन उल्लेख! इतिहासाच्या साधनांत अशी ओळ सापडली की मला फार बरं वाटतं.

काम मात्र सोपं नव्हतं. एक्सप्लोररचा आस मॅव्हरिकपेक्षा रुंद आणि त्याची पेटी मधोमध नसून एका अंगाला. एक नळी लांब, एक आखूड. यावर कुणीतरी फार सुंदर युक्ती काढली होती. लांब नळी सुमारे तीन इंच कापायची आणि त्या बाजूला आखूड बाजूचाच आणखी एक शाफ्ट घालायचा, जो पुन्हा भंगारातच मिळतो. पेटी मध्यावर येते, रुंदी बरोबर होते, आणि नवा शाफ्ट घडवून घ्यावा लागत नाही. पण कापलेली नळी जोडताना ती केसभरही वाकता कामा नये, म्हणून दोन्ही बेरिंगच्या जागांतून एक सरळ पोलादी दांडा आरपार घालून मगच वेल्डिंग. नळ्या जिथे पेटीत घुसतात तिथेही वेल्ड करायचं, नाहीतर जोराने नळी पेटीतच फिरते. नळी पोलादाची आणि पेटी बिडाची. बीड आधी तापवावं लागतं आणि मग सावकाश निवू द्यावं लागतं, घाई केली की तडकतं. त्यांनी ती पेटी जुन्या रजईत गुंडाळून रात्रभर ठेवली होती. त्यानंतर पाट्यांच्या बैठका नव्या कोनात जोडणं, प्रोपेलर शाफ्ट कमी करणं, आणि पुढची चाकं चार नटांची, मागची पाच नटांची, त्याचं काय करायचं ही कटकट. आठ दिवस मी रोज बघायला जात होते.

एक प्रश्न मी विचारला, हा तरी तुटणार नाही कशावरून? ते जरा गप्प झाले. मग त्यांनी पेटीचं झाकण उघडून इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची एक चकती दाखवली, साधारण रुपयाएवढी. या आसात शाफ्ट बाहेर निघू नये म्हणून आतल्या टोकाला तेवढी एकच चकती असते. शाफ्ट मध्ये तुटला की बाहेरच्या तुकड्याला धरून ठेवणारं काहीच नाही, तुकडा चाकासकट बाहेर. त्यांच्या एका मित्राचं तसं झालं होतं, ऐंशीच्या दशकात. चाक निघालं, गाडी कठड्यावर गेली, मित्र आजही काठी घेऊन चालतो. म्हणून १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात धावणाऱ्या गाड्यांना असोसिएशनच्या नियमांप्रमाणे वेगळे, मजबूत शाफ्ट आणि चाक निसटू न देणारी वेगळी पकड सक्तीची आहे. “माझी गाडी तेरा सेकंदांची,” ते म्हणाले, “मला सक्ती नाही.” पण बाकावर त्या पकडीचा संच आणून ठेवलेला होता. त्याची किंमत अख्ख्या आसाहून जास्त.

त्या वर्षी ते इंग्लिशटाउनला धावले, आस टिकला. इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप २०१८ च्या जानेवारीत बंद झाली. न्यू जर्सीतलीच ॲटकोची २०२३ साली. एक्सप्लोररच्या आसांचंही तेच व्हायला लागलं आहे. २००२ पासून फोर्डने त्या गाडीचा अखंड आस काढून मागची दोन चाकं स्वतंत्र केली, त्यामुळे १९९१ ते २००१ या वर्षांतले जेवढे शिल्लक असतील तेवढेच. मुलगी परवा फोनवर सांगत होती, शेजाऱ्यांनी आणखी एक आणून गॅरेजमध्ये ग्रीस लावून ठेवला आहे. डी-४ चाच.